उंचसखल आवाराची हिरवळ : जमीन सारखी करणे व हरळीची पुनर्लागवड

घरासमोरील अंगणात किंवा शाळेच्या आवारात एकदा हिरवळ धरली की ती आपोआप टिकून राहते, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. वस्तुतः चार-पाच पावसाळे उलटले की बहुतेक हिरवळींची अवस्था सारखीच होते. कोठे खळगे पडतात, कोठे उंचवटे येतात, तर कोठे गवत जाऊन उघडी माती दिसू लागते. खळग्यात पावसाचे पाणी साचते आणि ते आठवडा-दहा दिवस राहिले तर त्यात डासांची एक पिढी पुरी होते. उंचवट्यावर पाणी ठरत नाही. म्हणून तेथील गवत हिवाळा सरण्यापूर्वीच वाळते. शाळेच्या आवारात तर धावणारी मुले ठेचकाळतात, आणि अशा मैदानावर खो-खोचा किंवा लंगडीचा डाव मांडणे शिक्षकांनाच नकोसे होते. म्हणून हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी जमीन उंचसखल का झाली हे पाहणे आवश्यक असते. कारण कायम राहिले तर वर्षभरात खर्च पाण्यात जातो. नव्या इमारतीच्या आवारात विटांचे तुकडे, चुनखडी, पोती असे बांधकामाचे टाकाऊ सामान मातीखाली पुरलेले आढळते. ते दबत जाते आणि वर खळगा पडतो. नळाच्या वाहिनीसाठी खोदलेला चर नीट न दाबता बुजविला असेल तर त्याच रेषेत लांबट खाच दिसते. तोडलेल्या झाडाचा बुंधा आत कुजत असेल तर जमीन खचते. घुशींनी पोखरलेली जमीन पहिल्या मोठ्या पावसात बसते. ओल्या हिरवळीवर गुरे फिरली तर खुरांच्या खाचा तशाच वाळतात. गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक ढिगांचाही काहींना त्रास वाटतो. परंतु ती माती दाताळ्याने पसरून देणे एवढाच त्यावर उपाय करावा. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून जमिनीच्या जडणघडणीत त्यांचा वाटा किती मोठा आहे हे दाखवून दिले. असा फुकटचा मजूर मारून टाकण्यात शहाणपण नाही.

काळ्या जमिनीचे दुखणे निराळे आहे. मराठवाडा, विदर्भ व पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या भेगा दिसल्या की त्यांत माती लोटून त्या बुजविण्याचा मोह होतो. तो टाळावा. भेगेत भरलेली माती पावसाळ्यात फुगणाऱ्या जमिनीची जागा अडविते; मग जमिनीला बाजूला सरकण्यास वाव उरत नाही आणि ती वर उचलली जाते. म्हणजे खळगा बुजवायला जावे आणि उंचवटा पदरी पडावा, असा प्रकार होतो. काळ्या जमिनीवरील हिरवळ कधीही ओट्यासारखी सपाट राहणार नाही हे गृहीत धरावे आणि पाऊस पडून भेगा मिटल्यानंतरच तिची डागडुजी करावी.

किती दुरुस्ती हवी?

खळगा दोन बोटांपेक्षा उथळ असेल तर गवत उपटण्याचे कारण नाही. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत एकत्र करून चाळावे आणि गवत बारीक कापून त्यावर हे मिश्रण पसरावे. एका वेळी एक ते दीड सेंटीमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. थर पसरल्यावर गवताची टोके वर दिसत राहिली पाहिजेत. तीन-चार आठवड्यांनी गवत त्यातून वर आले की दुसरा थर द्यावा. घाई करून एकदम जाड थर टाकल्यास खालचे गवत गुदमरून कुजते.

खळगा किंवा उंचवटा याहून मोठा पण मोजक्याच ठिकाणी असेल तर तेथील गवताचा पापुद्रा सुमारे तीन बोटे जाडीचा, मुळांसह उचलावा. मधोमध एक छेद आणि त्याच्या दोन्ही टोकांशी आडवे छेद दिले म्हणजे दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसा पापुद्रा दोन्हीकडे उलटता येतो. खालची माती गरजेप्रमाणे काढावी किंवा भरावी, पायाने दाबावी, पापुद्रा परत बसवून पाणी द्यावे. पापुद्रा शेजारच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवावा. भरलेली माती पुढे बसतेच.

मात्र निम्म्याहून अधिक आवार उंचसखल असेल तर ठिगळे लावण्यात अर्थ नसतो. अशा वेळी सर्व जमीन खोदून नव्याने लागवड करणे स्वस्त पडते.

येथे रुळाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. उंचवटे दिसले की जड रूळ मागवून ते दाबून टाकावेत, ही सूचना प्रत्येक बैठकीत कोणीतरी करतोच. रुळाने उंचवटा जात नाही. त्यातील हवा तेवढी जाते. घट्ट झालेल्या मातीत मुळे खोल जात नाहीत आणि पाणी मुरत नाही. रूळ हवा तो नव्याने भुसभुशीत केलेली माती हलकेच बसविण्यासाठी, आणि तोही वाफसा आल्यावर. ओल्या काळ्या मातीवर रूळ फिरविणे म्हणजे तिची वीट पाडणे होय.

पातळी काढणे

नजरेने पातळी ठरविणे फसवे असते, कारण इमारतीची जोती आणि कुंपणाच्या भिंती नजरेला चकवितात. पाणलोटाच्या कामामुळे अनेक गावांत आता हायड्रोमार्कर परिचयाचा झाला आहे. दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी एवढेच हे साधन होय. गवंड्याकडील पातळीची नळीही चालते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

उदाहरणादाखल दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा आवार घेऊ. कडेपासून एक मीटर आत पहिली खुंटी व नंतर दर दोन मीटरवर एक, अशा पाच ओळींत पंचवीस खुंट्या ठोकाव्यात. प्रत्येक खुंटी आपल्याभोवतीच्या चार चौरस मीटर जागेची प्रतिनिधी झाली. एक मोजपट्टी पक्क्या जागी ठेवावी आणि दुसरी प्रत्येक खुंटीपाशी नेऊन दोन्हींवरील पाण्याची पातळी वाचावी. पक्क्या जागी १०० सेंटीमीटर आणि खुंटीपाशी १०७ सेंटीमीटर वाचन आले तर तेथील जमीन सात सेंटीमीटर खाली आहे, असे समजावे. पंचवीस वाचनांतील अशा फरकांची सरासरी काढली की आवाराची मध्यम पातळी मिळते. या पातळीवर जमीन आणल्यास जेवढी माती खोदली जाते तेवढीच भरावाला लागते. बाहेरून माती आणावी लागत नाही. हा हिशेब सातवीच्या वर्गातील मुलांकडून करून घेता येण्याजोगा आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी ही संधी सोडू नये.

जमीन पूर्ण आडवी मात्र करू नये. इमारतीपासून दूर जाणारा, मीटरला एक सेंटीमीटर एवढा उतार ठेवावा. वरील आवारात इमारतीकडील पहिली ओळ मध्यम पातळीपेक्षा चार सेंटीमीटर वर, दुसरी दोन सेंटीमीटर वर, मधली मध्यम पातळीवर आणि पुढील दोन ओळी अनुक्रमे दोन व चार सेंटीमीटर खाली येतील. प्रत्येक खुंटीवर चुन्याने खूण केली की कोठे किती काढायचे व कोठे किती भरायचे हे मजुरासही स्पष्ट होते. एका खुंटीपाशी पाच सेंटीमीटर माती काढायची म्हणजे सुमारे वीस घमेली उचलावी लागतात, हे लक्षात घेऊन मनुष्यबळाचा अंदाज करावा. खोदण्यापूर्वी नळवाहिन्या, विजेच्या तारा व शोषखड्डा कोठे आहे याची खात्री करून घ्यावी.

या कामात सर्वांत मोठे नुकसान होते ते सुपीक थराचे. यंत्र लावून दोन तासांत मैदान सपाट करून मिळते. पण उंच भागाची चांगली माती खळग्यात गाडली जाते आणि वर मुरूम उघडा पडतो. पुढे त्या भागात गवत का येत नाही याचा शोध सुरू होतो. म्हणून वरची एक वीतभर माती आधी बाजूला रचून ठेवावी, खालच्या थराची पातळी करावी, भराव वीतभर जाडीच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा आणि शेवटी राखून ठेवलेली माती सर्वत्र सारखी पसरावी. जेथे मुळातच मुरूम आहे तेथे तलावातील गाळ उपयोगी पडतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाल्यापासून गाळ शेतात नेण्याची पद्धत गावोगाव रुजली आहे. परंतु नुसता गाळ पसरू नये. तो चिकट असल्याने मुरमाच्या वरच्या थरात मिसळून घ्यावा.

हरळीची लागवड

आपल्या हवामानात हिरवळीसाठी हरळीसारखे दुसरे गवत नाही. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी जिच्या नावाने बोटे मोडतो तीही हीच. जमिनीवर सरपटणाऱ्या कांड्यांनी आणि जमिनीखालील काश्यांनी ती पसरते; म्हणून शेतातून तिचे उच्चाटन कठीण आणि म्हणूनच मैदानात तिचा टिकाव चांगला. मुलांच्या पायांखाली तुडविली तरी ती पुन्हा फुटते. सावली मात्र तिला सोसत नाही. वडा-चिंचेच्या दाट सावलीत दरवर्षी हरळी लावून दरवर्षी हळहळण्यापेक्षा तेथे पार बांधावा. थंड देशांतील हिरवळीच्या गवतांचे बी आकर्षक वेष्टनांत मिळते. आपल्या पठारावरील एप्रिल-मे त्या गवतांना मानवत नाही.

जमिनीची तयारी एप्रिलपासून करावी. एक वीत ते सव्वा वीत खोदून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. दगड, धसकटे आणि विशेषतः लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तरी ती पुढे हिरवळीत वरचढ होते. गुंठ्याला चार ते पाच क्विंटल कुजलेले शेणखत मिसळावे. त्यानंतर पाणी देऊन पंधरवडाभर थांबावे. उगवलेले तण मुळासह काढावे आणि माती जेथे बसली असेल तेथे भर घालावी. ही थांबण्याची पायरी बहुधा गाळली जाते आणि नेमके तेथेच पुढील खळग्यांचे मूळ असते.

लागवडीसाठी जून-जुलैचे दिवस उत्तम. कोकणात मुसळधार सरींनी माती वाहून जाते. तेथे गणेशोत्सवानंतर पाऊस ओसरल्यावर लागवड करणे बरे. उन्हाळी नांगरटीनंतर शेतकरी हरळीच्या काश्या वेचून बांधावर टाकतात. त्याच ओलसर गोणपाटात गुंडाळून ठेवल्या किंवा पहिल्या पावसात नव्याने खणून आणल्या तर बियाण्याचा खर्चच उरत नाही. दोन-तीन पेरांचा मुळासह तुकडा घ्यावा, चार बोटांच्या अंतराने लावावा, एक पेर मातीवर राहील असे पाहावे. दहा सेंटीमीटर अंतराने एका गुंठ्यास सुमारे दहा हजार तुकडे लागतात. संख्या मोठी वाटली तरी शाळेतील शंभर मुलांना प्रत्येकी शंभर तुकडे वाटून दिले तर दोन सकाळींत काम आटोपते. उरलेल्या काश्या मात्र शेजारच्या शेताकडे फेकू नयेत. त्यावरून भांडणे होतात, आणि ती योग्यही असतात.

बी पेरायचे झाल्यास हेक्टरी २५ ते ३० किलो, म्हणजे गुंठ्यास २५० ते ३०० ग्रॅम पुरते. ते अतिशय बारीक असल्याने चौपट कोरड्या वाळूत मिसळावे. निम्मे उभे व निम्मे आडवे चालत पेरावे आणि दाताळे हलकेच फिरवून मातीने जेमतेम झाकावे. उगवणीस एक ते तीन आठवडे लागतात. तोवर माती सुकू देऊ नये आणि पाणी झारीनेच द्यावे, नळीच्या धारेने नव्हे.

गवत पाच-सहा सेंटीमीटर उंच झाल्यावर पहिली कापणी करावी आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक कापू नये. महिन्याने गुंठ्यास एक किलो युरिया कोरड्या पानांवर विस्कटून लगेच पाणी द्यावे.

पाण्याचा हिशेब

हिरवळ हिरवी ठेवावयाची तर आठवड्यास सुमारे २५ मिलिमीटर पाणी लागते. एका गुंठ्यास हे अडीच हजार लिटर झाले. ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो तेथे एवढे पाणी गवताला घालण्याचा ठराव कोणत्याही ग्रामसभेने करू नये, आणि तशी गरजही नाही. मुळे धरलेली हरळी उन्हाळ्यात तपकिरी पडते, मेल्यासारखी दिसते. पण तिच्या काश्या जमिनीखाली जिवंत असतात आणि वळवाच्या सरींनी आठ-दहा दिवसांत फूट येते. मुलांच्या हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी आळीपाळीने वेगवेगळ्या पट्ट्यात सोडता येईल. एकाच ठिकाणी साबणाचे पाणी सतत जाऊ देऊ नये. या तपकिरी महिन्यांत गुरे आवारात येऊ नयेत याची काळजी घ्यावी, आणि पहिला मोठा पाऊस थांबल्यावर तासाभरात आवारातून एक फेरी मारावी. जेथे पाणी साचलेले दिसेल तेथे खुंटी ठोकून ठेवावी. वाफसा येताच त्याच जागी चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावयाचा असतो.