परधर्माकडे पाहण्याची विनोबांची दृष्टी

'सर्व धर्मांविषयी आदर बाळगावा' हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याने निबंधात केव्हा ना केव्हा लिहिलेले असते. वाक्य निर्दोष आहे. परंतु ते लिहिताना आपली लेखणी क्षणभरही अडखळत नाही, हेच त्याचे वैगुण्य होय. ज्या आदरासाठी काही शिकावे लागत नाही आणि काही सोडावे लागत नाही, तो आदर व उदासीनता यांत अंतर फार थोडे उरते. शेजारच्या बाकावर बसणारा मित्र उपास कोणत्या दिवशी करतो, त्याच्या घरी प्रार्थना कोणत्या भाषेत होते, त्या प्रार्थनेतील शब्दांचा अर्थ काय, यांपैकी एकही गोष्ट आपणांस ठाऊक नसते. तरीही 'मला सर्व धर्म सारखेच' असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः ते धर्म आपणांस सारखेच अपरिचित असतात, एवढाच त्या म्हणण्याचा अर्थ होतो.

खरा आदर कसा असतो हे समजून घ्यावयाचे असल्यास आचार्य विनोबा भावे यांच्या चरित्राकडे वळावे. विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. भूदानासाठी देशभर पायी हिंडलेले पुरुष म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु त्यांचा मूळ पिंड चिंतकाचा व साधकाचा होता. ब्रह्मजिज्ञासेने ते 1916 साली इंटरची परीक्षा सोडून काशीस गेले आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. गीता, उपनिषदे आणि ज्ञानदेवादी संतांचे ग्रंथ यांवर त्यांचा पिंड पोसला होता. असा हा निष्ठावंत हिंदू साधक इतर धर्मांकडे कोणत्या दृष्टीने पाहत असे, हा या लेखाचा विषय आहे.

या दृष्टीचे बीज त्यांच्या घरातच सापडते. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई मोठ्या भाविक होत्या. परंतु संस्कृत गीता त्यांना समजत नसे. मुलाने गीतेचा मराठी अनुवाद आणून दिला, तर तोही त्यांना कठीण वाटला. तेव्हा, तूच का करीत नाहीस मराठी गीता, असे त्या माउलीने मुलाला विचारले. 1918 साली त्या निवर्तल्या. पुढे 1930-31 साली विनोबांनी 'गीताई' रचली आणि आईची इच्छा तिच्या पश्चात पूर्ण केली. धर्मग्रंथ कितीही थोर असला, तरी तो ज्या भाषेत आपली आई बोलते त्या भाषेतून आला म्हणजे अंतःकरणास भिडतो, हा अनुभव त्यांना असा घरीच मिळाला. ज्याला ही गोष्ट आपल्या आईवरून कळली, त्याला हेही कळले की दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्याही हृदयाशी त्याच्याच भाषेतून बोलत असतो. तो ग्रंथ समजावयाचा असेल, तर आपणच त्या भाषेच्या दाराशी गेले पाहिजे.

विनोबा त्याप्रमाणे गेले. कुराण त्यांनी प्रथम अनुवादाच्या द्वारे वाचले. परंतु तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. प्रौढ वयात ते अरबी भाषा शिकले, तिची लिपी त्यांनी गिरवली आणि मूळ कुराणाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मुसलमानांना उपदेश करावा किंवा वादात जिंकावे, असा हेतू त्यामागे नव्हता. ज्या शब्दांनी कोट्यवधी माणसे पहाटे उठून परमेश्वरास आळवतात, ते शब्द त्यांना त्याच रूपात ऐकावयाचे होते. फाळणीनंतर 1948 साली मेवात भागातील मेव मुसलमानांना पुन्हा आपल्या घरी स्थिर करण्याच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. मने दुखावलेल्या त्या दिवसांत परधर्मीय माणसाला धीर देण्याचे सामर्थ्य ज्या परिचयामुळे येते, तो परिचय त्यांनी आधीच कष्टाने मिळवून ठेवला होता.

त्यांच्या अभ्यासाचे फळ अनेक ग्रंथांच्या रूपाने आपल्यापुढे आहे. 1962 साली त्यांनी कुराणातील निवडक वचनांचा 'कुराण-सार' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नव्या करारातील वेचे निवडून त्यांनी 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले. बौद्धांच्या धम्मपदाची त्यांनी विषयवार नवी मांडणी केली, आणि शिखांच्या जपुजीवर विवरण लिहिले. या सर्व ग्रंथांत त्यांची पद्धती एकच आहे. कोणत्याही धर्मातील उणी बाजू शोधण्याकडे त्यांचे लक्ष नाही. जो भाग आजही साधकाचे चित्त शुद्ध करील, तो वेचावा, त्याला नीट क्रम लावावा आणि वाचकापुढे ठेवावा, एवढेच ते करतात. फुलबागेत शिरलेली मधमाशी काटे मोजीत बसत नाही, तसाच हा प्रकार होय.

येथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका घेईल. आमचा ग्रंथ आम्हांस संपूर्णच पवित्र आहे. त्यातून सार काढणारे तुम्ही कोण, असे त्या त्या धर्माचा अनुयायी म्हणू शकेल. ही शंका क्षुल्लक नाही. निवड करणारा कितीही निर्मळ असला, तरी तो आपल्या चाळणीने चाळतो आणि मूळ ग्रंथाचा काही अंश त्या चाळणीत राहून जातो. या शंकेचे उत्तर विनोबांच्या उत्तरायुष्यातील एका गोष्टीत सापडते. 1974 साली भगवान महावीरांच्या निर्वाणाला 2500 वर्षे होत होती. जैनांचाही सर्वमान्य असा एक सारग्रंथ असावा, अशी विनोबांची फार दिवसांची इच्छा होती. या वेळी त्यांनी स्वतः निवड केली नाही. जैनांनीच एकत्र येऊन ती करावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्याप्रमाणे निरनिराळ्या जैन पंथांचे मुनी व विद्वान दिल्लीस जमले, त्यांनी विचारविनिमय केला आणि 756 गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ सिद्ध झाला. दुसऱ्याच्या घरातील रत्ने बाहेरच्याने वेचण्यापेक्षा, घरच्यांनीच एकत्र बसून ती पुढे ठेवावी, यात आदराची एक वरची पायरी दिसून येते.

जैन विचारातून घेतलेला एक शब्द विनोबांना अतिशय प्रिय होता. तो म्हणजे 'सत्यग्राही'. आपणांस 'सत्याग्रही' हा शब्द माहीत आहे. सत्यासाठी आग्रह धरणारा तो सत्याग्रही. सत्यग्राही म्हणजे जेथे जेथे सत्याचा अंश आढळेल, तेथून तो ग्रहण करणारा. केवळ आग्रह असेल, तर माणूस आपल्याच सत्याला कवटाळून बसण्याचा संभव असतो. ग्रहणशक्ती असेल, तर दुसऱ्याच्या बोलण्यातही काही तथ्य असेल, असे मानून तो ऐकू लागतो. विनोबांची परधर्माकडे पाहण्याची दृष्टी या एका शब्दात साठवलेली आहे.

परंतु ग्रंथांचा अभ्यास ही आदराची एक बाजू झाली. दुसरी बाजू अधिक कठीण आहे. कारण तेथे स्वतःची प्रिय वस्तू पणास लावावी लागते. 1951 साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि विनोबांची पदयात्रा प्रांतोप्रांती चालू झाली. त्यांच्याबरोबर निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे व देशांचे लोक चालत असत. 1953 साली बिहारमधील वैद्यनाथधाम येथे ते हरिजनांसह दर्शनास गेले असता त्यांना व त्यांच्या सोबत्यांना मारहाण झाली. मारणारांस शिक्षा होऊ नये, अशीच त्यांची इच्छा होती. 1955 साली यात्रा ओरिसात जगन्नाथपुरीस पोचली. यात्रेत एक फ्रेंच बाई होत्या. त्यांना मंदिरात प्रवेश मिळणार नाही, असे कळले. विनोबांना स्वतःला कोणी अडवीत नव्हते. ज्या जगन्नाथाचे दर्शन घेण्यासाठी लोक शेकडो कोस चालत येतात, तो काही पावलांवरच होता. विनोबा दारातूनच परतले.

या परतण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. त्यांनी पुजाऱ्यांची निंदा केली नाही. बळाने आत शिरण्याचा यत्नही केला नाही. त्यांना देवदर्शनाची ओढ नव्हती, असेही नाही. ओढ होती, म्हणूनच परतण्याला मोल आले. सोबतीला आलेल्या व्यक्तीस बाहेर उभे करून आपण तेवढे आत जावे, अशा दर्शनाने त्यांचे चित्त शांत झाले नसते. पुढे 1957 साली केरळातील गुरुवायूर येथेही असाच प्रसंग आला. बरोबरच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना प्रवेश नाही असे कळताच विनोबांनी तेथेही आत जाणे नाकारले.

यानंतर 1958 साली यात्रा महाराष्ट्रात पंढरपुरास आली. पंढरीच्या देवळाच्या दारात चोखोबांची समाधी आहे, हे आपणांस ठाऊक आहे. ज्या भक्ताला हयातीत आत येता आले नाही, त्याचे ते स्मारक होय. हेच दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी 1947 साली उपोषण केले होते. आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने केली, ती लिहून घेणारे साने गुरुजीच होते. आता विनोबांबरोबर मुसलमान व ख्रिस्ती सहकारी होते. काय होणार, या विषयी लोकांत कुजबूज चालली होती. परंतु देवळाच्या चालकांनी आपण होऊन सर्वांस निमंत्रण दिले, आणि विनोबा आपल्या परधर्मीय सोबत्यांसह विठ्ठलाच्या पायांशी गेले. लहानपणापासून ज्या विठोबाचे अभंग ऐकले, त्याच्या दर्शनाने त्यांच्या डोळ्यांत आसवे उभी राहिली नसती तरच नवल. पुरीस व गुरुवायूरला जे त्यांनी सोडले, ते पंढरीस त्यांना सोबत्यांसह परत मिळाले.

आता पालकांच्या मनात उभी राहणारी एक भीती विचारात घेऊ. मुलाने परधर्माचा ग्रंथ वाचला, तर त्याची स्वधर्मावरील श्रद्धा ढळेल, असे पुष्कळांना वाटते. आपल्यासारख्या शाळेत, जेथे एकाच वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले बसतात, तेथे ही भीती हिंदू घरांत असते, ख्रिस्ती घरांत असते आणि मुसलमान घरांतही असते. तिला हसून चालणार नाही. कारण तिच्या मुळाशी मुलाविषयीचे प्रेमच आहे. परंतु विनोबांचे उदाहरण काय सांगते? कुराणाच्या व नव्या कराराच्या दीर्घ अभ्यासाने त्यांची गीतेवरील भक्ती तसूभरही कमी झाली नाही. स्वधर्म आईसारखा जन्मतःच लाभतो; जगातील सर्व स्त्रियांची तुलना करून आपण आई निवडीत नाही, असा त्यांचा विचार होता. ज्याचे आपल्या आईवर खरे प्रेम असते, तो मित्राच्या घरी गेल्यावर त्याच्या आईलाही वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराने आपल्या आईला उणेपणा येत नाही. उलट, आपल्या मुलाला नमस्कार करता येतो, याचा तिला अभिमानच वाटतो. श्रद्धा ढळते ती बहुधा अज्ञानाने पोसलेली असते. समजून घेऊन धरलेली श्रद्धा दुसऱ्याच्या श्रद्धेजवळ गेली म्हणून भीत नाही.

महाराष्ट्रातील अनेक शाळांत म्हटली जाणारी विनोबांची नाममाला विद्यार्थ्यांनी ऐकली असेल. तीत नारायणाच्या नावाबरोबर बुद्ध, यह्व, मज्द, रहीम, ताओ अशी निरनिराळ्या धर्मांतील नावे एका सुरात गुंफलेली आहेत. आपण ती पाठ म्हणतो. परंतु यह्व हे नाव कोणाचे, मज्द म्हणून कोण हाक मारतो, हे किती जणांनी विचारले असेल? विनोबा 15 नोव्हेंबर 1982 रोजी वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीच्या काठी देह ठेवून गेले. त्यांच्या नाममालेतील प्रत्येक नावामागे त्यांच्या कित्येक दिवसांचा अभ्यास उभा आहे. तो अभ्यास आपण थोडा तरी केल्याविना ती नावे आपल्या मुखात शोभणार नाहीत.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या वर्षी एक लहानसा नेम करावा. आपल्या वर्गातील परधर्मीय मित्राला त्याच्या एका प्रार्थनेचा अर्थ विचारावा आणि तो सांगेल ते, मध्ये न बोलता, शेवटपर्यंत ऐकावे. त्यालाही तो सांगता आला नाही, तर दोघांनी मिळून त्याच्या आईला विचारावे. तो अर्थ समजून घेऊन घरी आल्यावर आपल्या प्रार्थनेचा अर्थ आपणांस सांगता येतो का, हेही एकदा पाहावे. कदाचित येणार नाही. तेव्हा दुसऱ्याच्या धर्माचा आदर करू लागलेला मुलगा आपल्याच धर्माचा अभ्यास करावयास बसेल. आणि त्याच्या आईवडिलांना त्याची काळजी करण्याचे कारण उरणार नाही.