मक्याचे पृथक्करण आणि नमुन्याची निवड

वरणगाव व भोवतालच्या गावी मक्याची कणसे खुडण्याचे दिवस आणि परतीचा पाऊस यांची गाठ पुष्कळदा पडते. अशा ओल्या मालावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. दाणे धुऊन उन्हात टाकले म्हणजे धान्य शुद्ध झाले, असा समज आहे. तो घातक होय. या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नामक विष उत्पन्न होते व भाकरी भाजल्यानेही ते नाहीसे होत नाही. सन १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजराथेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. गावातील कुत्र्यांसही तोच विकार जडला होता.

डोळ्यांस न दिसणारे हे विष रसायनशाळेत ओळखता येते. दळलेल्या मक्यातून ते मेथॅनॉल व पाणी यांच्या मिश्रणात उतरवून घेतात. त्या अर्काचा थेंब सिलिकाचा पातळ थर दिलेल्या काचेवर ठेवून द्रावण वर चढू देतात. नंतर काच अंधारात जंबुपार किरणांखाली धरली असता 'बी' जातीचे विष निळे व 'जी' जातीचे हिरवे चकाकते. शेजारी ठाऊक प्रमाणाचा ठिपका असतो. त्यावरून मोजमाप होते. आता याहून सूक्ष्म यंत्रेही आहेत.

परंतु यंत्र कितीही सूक्ष्म असो, ते बोलते ते आपण नेलेल्या मुठीविषयीच. कायद्याची मर्यादा किलोस १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अख्ख्या क्विंटलास अवघा दीड मिलिग्रॅम! विष सर्व राशीत सारखे पसरलेले नसते. थोड्या दाण्यांतच ते साचते. वरचे टपोरे दाणे निवडून नेणारा शेतकरी स्वतःसच फसवितो. यास्तव प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून व तळातून, दाणे काढावे; सर्व एकत्र कालवून सपाट पसरावे, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावे, व पुन्हा तसेच करीत जावे. फुटके, काळवंडलेले दाणे मुळीच वेचून टाकू नयेत.

माल सदोष ठरल्यास तो गुरांस घालण्याचा मोह होतो. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा अंश रूप पालटून दुधात उतरतो, व ते दूध घरच्या मुलांच्याच वाट्यास येते. नमुना कोरडा करून कागदी वा कापडी पिशवीतून पाठवावा; प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून वाटेतच बुरशी वाढते.