शाळेची सहल : हैदराबादच्या तीन दिवसांची आखणी

सहल म्हणजे शाळेला मिळालेली सुटी, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वर्गणी गोळा करावयाची, गाडी ठरवावयाची आणि ठरल्या दिवशी मुलांना घेऊन निघावयाचे, एवढ्यात योजना संपते. अशा सहलीतून मुले थकून परततात, आणि काय पाहिले असे विचारता खाल्लेल्या पदार्थांची नावे सांगतात. त्यात दोष मुलांचा नसतो.

पुसेगावसारख्या गावातील सातवीच्या वर्गाने हैदराबादची निवड करावी, यास सबळ कारण आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्यापुढेही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. गावातील कित्येक घरी जमिनीचे जुने कागद उर्दूत लिहिलेले सापडतात. निघण्यापूर्वी मुलांनी ते आजोबांकडून पाहून घ्यावेत, म्हणजे चारमिनार हे केवळ चित्रातील ठिकाण राहणार नाही. शिवाय रामोजी चित्रनगरी तेथून जवळ आहे. मुलांचा खरा ओढा तिच्याकडेच असतो, हे शिक्षकाने मोकळेपणाने मान्य करावे. त्या ओढीस कमी लेखून कोणाचेही शिक्षण होत नाही.

आखणीतील सर्वांत अवघड प्रश्न स्थळांचा नसून पैशाचा आहे. सोयाबीन विकले की काही घरांत चार पैसे खेळतात. परंतु त्याच सुमारास ऊसतोडीस जाणारी कुटुंबे उचल घेऊन गाव सोडतात. त्यांची मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, आणि वर्गणीची यादी फळ्यावर लागली की ती सहलीच्या दिवशी आजारी पडतात. हे आजारपण शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. म्हणून यादी फळ्यावर लावूच नये. खर्चाचा अंदाज जून-जुलैमध्येच काढून शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा, आणि ज्यांना देणे शक्य नाही त्यांचा भाग लोकवर्गणीतून उभा करावा. कोणी किती दिले हे मुख्याध्यापकांखेरीज कोणास कळू नये. पूर्ण वर्ग नेता येत नसेल, तर हैदराबादऐवजी औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव गाठावे. पण वर्ग पूर्ण न्यावा.

खर्चाचा अंदाज मुलांकडूनच काढून घ्यावा. शेकडेवारीचा याहून चांगला पाठ मिळणे कठीण. ग्रामीण भागातील शासकीय शाळांच्या विद्यार्थ्यांस वर्षातून एकदा अभ्याससहलीकरिता रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलतीची तरतूद आहे. तिच्यासाठीचा अर्ज हिंगोली स्थानकावर पुष्कळ आधी दाखवून आपल्या शाळेबाबत खात्री करून घ्यावी. गाडी पूर्णा, नांदेड, निजामाबाद या मार्गाने जाते. तो मार्ग मुलांनी नकाशावर आखावा. राज्याबाहेर जावयाचे असल्याने शिक्षण विभागाची लेखी परवानगी आणि प्रत्येक पालकाचे संमतिपत्र हाती आल्याशिवाय आरक्षण करू नये. मुलींच्या माता सहसा शेवटच्या आठवड्यात नकार देतात. सोबत शिक्षिका कोण असणार आणि रात्रीचा मुक्काम कोठे होणार, हे त्यांना सभेत प्रथमच सांगितले तर बहुतेक नकार टळतात.

पहिल्या दिवशी सकाळी गोवळकोंडा घ्यावा. उन्हे चढल्यावर सुमारे १२० मीटर उंचीची ती टेकडी लहान पायांना झेपत नाही. फतेह दरवाजापाशी वाजविलेली टाळी वरच्या बालाहिसारात ऐकू येते. निम्मा वर्ग खाली आणि निम्मा वर ठेवून हा प्रयोग करावा, आणि ध्वनीच्या परावर्तनाविषयी तेथेच बोलावे. दुपारी सालारजंग संग्रहालय पाहावे. ते १९५१ मध्ये लोकांसाठी खुले झाले व शुक्रवारी बंद असते. तेव्हा वाराचा हिशोब आधीच करावा. सर्व दालने दाखविण्याचा हव्यास धरू नये. तासाचे टोले देण्यास बाहुला बाहेर येतो ते घड्याळ आणि बेन्झोनी या शिल्पकाराने घडविलेली, अंगावरचे तलम वस्त्र दगडातून दाखविणारी रिबेकाची मूर्ती, एवढे नीट पाहिले तरी पुरे.

दुसरा संपूर्ण दिवस चित्रनगरीस द्यावा. १९९६ मध्ये उभारलेली ही नगरी शहराबाहेर विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. तेथे पाहण्याजोगे आहे ते हे, की चित्रपटात दिसणाऱ्या रस्त्यांवरील कित्येक इमारतींना केवळ दर्शनी भिंत असते. मुलांनी अशा एका इमारतीचे समोरून आणि मागून अशी दोन चित्रे काढावीत. पडद्यावर पाहिलेले सारे खरे मानण्याची सवय या दोन चित्रांनी जितकी सुटेल तितकी व्याख्यानाने सुटणार नाही.

मग पाळणे. झुलत्या नौकेत वरच्या टोकाशी क्षणभर अंग हलके वाटते. नागपंचमीला लिंबाच्या झोक्यावर तेच वाटलेले असते, हे मुलांच्याच तोंडून काढून घ्यावे. अशा पाळण्यांना उंचीची मर्यादा असते. पाळण्याच्या तोंडाशी एखाद्यास परत पाठविले, तर त्याच्या दिवसाचा तेथेच शेवट होतो. म्हणून शाळेच्या भिंतीवर खुणा करून सर्वांची उंची आधीच मोजावी आणि ज्यांना बसता येणार नाही त्यांस घरीच स्पष्ट सांगावे. फेपरे किंवा हृदयविकार असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. हिंगोलीच्या दसऱ्यातील आकाशपाळण्यास जो मुलगा घाबरतो त्यास येथे धैर्य शिकविण्याच्या भरीस पडू नये. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, प्रत्येकाच्या खिशात शाळेचे नाव व दूरध्वनीची चिठ्ठी असावी, आणि चुकल्यास कोठे थांबावयाचे ती जागा प्रवेशद्वारातच दाखवून द्यावी. आत खाद्यपदार्थ महाग असतात. सकाळी पोटभर जेवूनच निघावे.

तिसऱ्या दिवशी परतीपूर्वी चारमिनार पाहून हुसेनसागरावर जाता येते. तलावातील बुद्धमूर्तीपर्यंत नौका जाते, आणि मुले तिच्यासाठी हट्ट धरतात. येथे शिक्षकाने १८ जानेवारी २०२४ हा दिवस आठवावा. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. प्रत्येक मुलास त्याच्या मापाचे जॅकेट मिळत नसेल, किंवा नौकेवर लिहिलेल्या संख्येहून एक माणूस जरी अधिक चढत असेल, तर मूर्ती काठावरूनच दाखवावी. पैसे भरले असले तरी ते सोडून द्यावेत. अशा वेळी वर्ग रुसतो. त्याला रुसू द्यावे.

मोजणी जोड्यांनी करावी, नुसत्या आकड्याने नव्हे, कारण गर्दीत आकडा चुकतो, पण आपला जोडीदार नाही हे मुलास तत्काळ कळते. हिंगोली स्थानकावर उतरल्यावरही ती एकदा व्हावी. परतल्यानंतर आठ दिवसांत जमाखर्च मुलांच्या हस्ताक्षरात लिहून शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावा. त्यात लोकवर्गणी एकाच रकमेने दाखवावी; आणि काही पैसे उरलेच, तर ते पुढील वर्षाच्या सहलीत जमा धरावेत.