फोनमधले नेट येते कुठून?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आता स्मार्टफोन आहे. "नेट संपलं", "रेंज नाय", "वायफाय लाव की" हे शब्द रोज कानांवर पडतात. पण नेट संपते म्हणजे नेमके काय संपते? वायफाय आणि मोबाइल डेटा यांत फरक तो कोणता? सहावी-सातवीच्या वर्गात मी हे विचारले, तेव्हा बरीच मुले एका सुरात म्हणाली, "बाई, वायफाय म्हणजे फुकटचं नेट!" हे उत्तर बरोबर नाही. ते का बरोबर नाही, हे समजावे म्हणून आजचा हा पाठ.

दोन वाटा

फोनला इंटरनेटकडे जायला दोन वाटा असतात. दोन्ही वाटांवर माहिती रेडिओ लहरींवर बसून ये-जा करते. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा वेग प्रकाशाइतकाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो.

पहिली वाट मोबाइल डेटाची. फोनमध्ये सिमकार्ड असते. ते ज्या कंपनीचे, तिच्या टॉवरशी फोन बोलतो. टॉवर गावाबाहेरच्या माळावर असला, तरी चालते. काही किलोमीटरपर्यंत त्याच्या लहरी पोहोचतात. मध्ये डोंगर आला तर मात्र रेंज जाते. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. तेव्हा फोन फक्त बोलण्यासाठी होता. पुढे त्याच टॉवरवरून चित्रे, गाणी आणि पाठही येऊ लागले. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात ५जी सेवा सुरू झाली.

दुसरी वाट वायफायची. घरात किंवा कार्यालयात राउटर नावाची लहानशी पेटी असते. तिच्यापर्यंत इंटरनेट बहुधा तारेने येते. काचेच्या बारीक तंतूंची तार असेल, तर तिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. तिच्यातून माहिती प्रकाशाच्या रूपाने धावते. पेटीपासून फोनपर्यंतचा शेवटचा थोडासा टप्पा तेवढा बिनतारी असतो. तोच वायफाय. त्याचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले आणि वायफाय हे नाव १९९९ साली आले. हे राउटर मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. २.४ च्या लहरी भिंतीतून जास्त लांब जातात. ५ च्या लहरींवरून माहिती जास्त वेगाने जाते, पण त्या भिंतीपुढे लवकर थकतात. म्हणून माजघरात चालणारे वायफाय गोठ्यात चालत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

"बाई, वायफायच्या रेघा तर पूर्ण दिसतात, मग व्हिडिओ का लागत नाय?" हा प्रश्न मला पुष्कळ वेळा येतो. त्या रेघा फक्त फोन आणि पेटी यांच्यामधली ओढ दाखवतात. पेटीच्या मागची तार रस्ता खोदताना तुटली असेल, तर पेटीतच इंटरनेट नसते. मग फोनला ती देणार काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

लाइट गेली की राउटरही बंद पडतो. टॉवरपाशी बहुधा बॅटरी किंवा जनरेटर असतो. म्हणून लाइट गेल्यावरही मोबाइल डेटा काही वेळ तरी चालू राहतो. आपल्या खेड्यांत हा फरक फार महत्त्वाचा आहे.

थोडे गणित करू

माहिती बिटमध्ये मोजतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. १०२४ एमबी म्हणजे १ जीबी असे धरू.

समजा, एका चांगल्या स्वच्छ चित्राच्या व्हिडिओला सेकंदाला २ मेगाबिट लागतात. २ भागिले ८ म्हणजे पाव एमबी. एका मिनिटाला १५ एमबी, तर एका तासाला ९०० एमबी. घरच्या फोनवर रोजचा १.५ जीबीचा पॅक असेल, तर तो १५३६ एमबी झाला. असा व्हिडिओ तेवढ्यात १ तास ४२ मिनिटे चालेल. आता तोच व्हिडिओ कमी दर्जावर लावला आणि त्याला सेकंदाला अर्धाच मेगाबिट लागला, तर तासाला २२५ एमबी होतात. म्हणजे त्याच पॅकमध्ये सुमारे पावणेसात तास! पाठ तोच, बाईंचा आवाज तोच. फक्त चित्र जरा धूसर.

रोजचा पॅक संपला की बऱ्याच योजनांत वेग ६४ केबीपीएसवर उतरतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. मग १ एमबीचा एक फोटो उतरायला २ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. यालाच आपण "नेट संपलं" म्हणतो. घरच्या वायफायला महिन्याचे भाडे असते आणि त्याची मर्यादा बरीच मोठी असते. म्हणून ते फुकट वाटते. पण पैसे कोणीतरी भरतच असते.

नेट कोणाचे?

फोनमधला हॉटस्पॉट सुरू केला की फोनच राउटर बनतो. दुसऱ्या फोनवर वायफायचे चिन्ह दिसते, पण खर्च होतो पहिल्या फोनचा डेटा. आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या घरी असे घडले. दादा वडिलांच्या हॉटस्पॉटवर सिनेमा पाहत होता. रात्री भाकरी झाल्यावर ती शिष्यवृत्तीची सराव प्रश्नपत्रिका उघडायला बसली, तर पान उघडेना. दादा म्हणाला, "मी तर वायफाय वापरलं, डेटाला हातच लावला नाय!" दादा खोटे बोलत नव्हता. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. पण अभ्यासाची एक संध्याकाळ गेली ती गेलीच. आता त्या घरात ठरले आहे : आधी अभ्यास, मग उरलेले करमणुकीला. हा नियम तुम्हीही घरी सुचवून पाहा.

केव्हा काय वापरावे?

मोठे व्हिडिओ, पुस्तकांच्या फाइली, ॲपची नवी आवृत्ती हे सारे वायफाय असेल तेथे उतरवून ठेवावे. केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पंचायतीत किंवा शाळेत असे वायफाय चालू असेल, तर विचारून वापरावे. पाठ एकदा उतरवला की घरी नेटशिवाय कितीही वेळा पाहता येतो.

पैशांचे व्यवहार मात्र अनोळखी वायफायवर करू नयेत. रेल्वे स्थानकांवर मोफत वायफाय मिळते. मुंबई सेंट्रल स्थानकावर ते जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाले. सोय चांगली आहे. पण एखादा भामटाही तसेच नाव देऊन आपले वायफाय उघडून बसू शकतो. म्हणून आई-बाबांना सांगा, बँकेचे काम अशा ठिकाणी मोबाइल डेटावर करावे. ओटीपी तर कोणालाच सांगू नये.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. दिवसाचा डेटा संपला, तरी साधा फोन लागतो. घरात कोणी अचानक आजारी पडले, तर नेट नाही म्हणून घाबरून बसू नका. रेंज असेल, तर १०८ फिरवून रुग्णवाहिका बोलावता येते. त्याला डेटा लागत नाही.

लक्षात ठेवा

१. वायफाय ही शेवटच्या टप्प्याची वाट आहे. ते स्वतः इंटरनेट नव्हे.
२. वायफायचे चिन्ह दिसले म्हणजे नेट फुकट, असे नाही.
३. व्हिडिओचा दर्जा कमी केला की डेटा वाचतो.
४. विजा चमकत असताना मोठ्या माणसांना सांगून राउटरची पिन काढून ठेवावी.

घरचा अभ्यास

१. मोठ्या माणसाजवळ बसून फोनच्या सेटिंगमध्ये आजचा डेटा कशाला किती लागला ते पाहा आणि वहीत तक्ता करा.
२. रोजचा पॅक २ जीबी आहे. तासाला २२५ एमबी लागणारा पाठ त्यात किती वेळ चालेल? उत्तर काढून शनिवारी मला दाखवा.
३. आजीला किंवा आजोबांना वायफाय आणि मोबाइल डेटा यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा. त्यांना समजला, म्हणजे तुम्हाला समजला!