शुद्धता ९५ टक्के, तरीही तपासा

रिकॉम्बिनंट प्रथिनाच्या कुपीसोबत 'शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक' असा कागद आला की आपण निर्धास्त होतो. पण हा आकडा बहुधा जेलवर मोजलेला असतो आणि जेलवर प्रथिनंच दिसतात. एंडोटॉक्सिन हे प्रथिन नाही, त्यामुळे ते त्या हिशेबात येतच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचे कित्येक महिने यापायी वाया गेले. ते इतर कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

मानवी रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर इंटरफेरॉन गॅमाचा काय परिणाम होतो, हे ती तपासत होती. शरीरात हे प्रथिन मुख्यतः टी पेशी आणि एनके पेशी बनवतात. प्रयोगशाळांसाठी मात्र ते बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूत तयार केलं जातं. या जिवाणूच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, असतं. तेच हे एंडोटॉक्सिन. शुद्धीकरणात कसर राहिली की ते प्रथिनासोबत थेट कुपीत उतरतं.

निविदेत सर्वात कमी दर भरलेल्या पुरवठादाराकडून नवी कुपी आली आणि पेशींमधून टीएनएफ (दाह वाढवणारं संकेत-प्रथिन) भरभरून येऊ लागला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. लॅबमध्ये शोधनिबंधाच्या गोष्टी सुरू झाल्या. मला मात्र ते पटेना. एकटा इंटरफेरॉन गॅमा मोनोसाइट्सना सज्ज करतो, पण फारसा टीएनएफ काढत नाही. सज्ज झालेल्या पेशी लेशमात्र एलपीएसनेही उसळतात.

मी तिला म्हटलं, "कुपीतलं थोडं उकळ आणि तेच पेशींना दे."

"मॅडम, उकळलं तर प्रथिन निकामी होणार ना?"

"होऊ दे. त्यानंतर काय उरतं, तेच बघायचंय."

उकळल्यावर टीएनएफ कमी झाला, पण थांबला नाही. न उकळलेल्या नमुन्यात एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घातलं, तेव्हा तो कोसळला. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल चाचणीने उरलीसुरली शंकाही मिटवली. सोबतच्या प्रमाणपत्रात एंडोटॉक्सिनचा रकानाच नव्हता.

या सापळ्यात नामवंत प्रयोगशाळाही सापडल्या आहेत. एचएसपी७० हे प्रथिन स्वतःच मॅक्रोफेजना चेतवतं, असे शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. २००३ मध्ये बाओचोंग गाओ आणि मिन-फू त्सान यांनी दाखवलं, की टीएनएफ येत होता तो ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत आलेल्या एंडोटॉक्सिनमुळे.

म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं असं:

१. त्याच लॉटचं प्रमाणपत्र मागा. एंडोटॉक्सिन प्रति मायक्रोग्रॅम किती युनिट आहे ते पाहा आणि आपल्या मात्रेचा हिशेब करा. प्रति मायक्रोग्रॅम १ युनिट असलेलं प्रथिन १०० नॅनोग्रॅम प्रति मिली वापरलं, तर पेशींना ०.१ युनिट प्रति मिली, म्हणजे साधारण १० पिकोग्रॅम एलपीएस मिळतं. मोनोसाइट्सच्या बाबतीत हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

२. नवा लॉट आला की उकळलेला नमुना आणि पॉलिमिक्सिन बी, दोन्ही कंट्रोल लावा. वहीत लॉट क्रमांक लिहा. शक्य असेल तर अख्खा प्रकल्प एकाच लॉटवर पूर्ण करा.

३. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, कारण सुकवलेली पूड झाकणाला चिकटलेली असू शकते. माहितीपत्रकात सांगितलेल्याच द्रावणात विरघळवा, व्होर्टेक्स करू नका. लहान लहान भाग करून गोठवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

४. कुपीत स्थैर्यासाठी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलं आहे का, ते विचारा. काही प्रयोगांत तेच आड येतं.

५. मानवी इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींवर काम करत नाही. पेशी ज्या प्राण्याच्या, प्रथिनही त्याच प्राण्याचं घ्या.

६. 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेली कुपी कोणत्याही कारणाने माणसाला टोचायची नाही.

कमी दराचा नियम आपल्या हातात नसतो, तांत्रिक अटी मात्र आपणच लिहितो. मागणीपत्रातच एंडोटॉक्सिनची कमाल मर्यादा आणि लॉटनिहाय प्रमाणपत्राची अट घाला. ती अट पाळू न शकणारा पुरवठादार दर उघडण्याआधीच बाद होतो, आणि मग सर्वात स्वस्त कुपी घ्यायलाही हरकत उरत नाही.