दहा वेळा लिहूनही न येणारा शब्द

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत ‘ढ’ म्हटले जाते आणि त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरांची वळणे बदलत गेली, ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. हे मूल कितीही शिकवले तरी बदलणार नाही, असा निकाल या एका अक्षरात दडलेला असून अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तो सपशेल चुकीचा आहे. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, दृष्टी आणि श्रवण ठीक, शिकण्याची संधीही पुरेशी. तरीही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने आत्मसात होत नाही, तेव्हा त्या स्थितीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. त्यातील वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया आणि अंकांची डिसकॅल्क्युलिया; या अडचणी एकाच मुलात एकत्र असू शकतात आणि अवधान टिकवण्याची अडचणही त्यांच्या जोडीला पुष्कळदा आढळते.

इंग्लंडमधील डॉक्टर डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. शिक्षण केवळ तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्यांनी नोंदवले. वाचन मात्र त्याला जमत नव्हते. त्या काळी या स्थितीला ‘शब्दांधत्व’ म्हटले गेले आणि दोष दृष्टीशी जोडला गेला. पुढील संशोधनाने ही समजूत बदलली. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडता येणे, म्हणजेच ध्वनिभान, हा वाचनाचा पाया असून बहुतेक डिस्लेक्सिक मुलांची अडचण तिथेच असते. ती मेंदूच्या घडणीतून येते, अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते आणि आळस, लाड किंवा आईवडिलांचे दुर्लक्ष यांच्याशी तिचा संबंध नसतो.

देवनागरी लिपी इंग्रजीच्या मानाने उच्चाराला बरीच धरून चालते. त्यामुळे मराठी वाचणाऱ्या मुलाची अडचण चुकीच्या वाचनापेक्षा संथ, अडखळत्या वाचनातून आणि लेखनातील चुकांतून अधिक प्रकट होते, आणि म्हणूनच ती उशिरा लक्षात येते. या लिपीचे स्वतःचेही काही अवघड टप्पे आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, तिचा उच्चार मात्र ‘क’नंतर होतो, ‘सूर्य’मधील रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारला त्याच्या आधी जातो, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातील भेद एखाद्या लहानशा रेषेवर किंवा गाठीवर अवलंबून असतो. इतर मुले हे टप्पे नकळत ओलांडतात. या मुलाला प्रत्येक टप्पा जाणीवपूर्वक, पायरीपायरीने शिकवावा लागतो.

प्रस्तुत लेखिका स्वतः प्राथमिक शिक्षिका असूनही तिच्या घरात हे ओळखायला पाच वर्षे गेली, आणि पुढील मार्गदर्शन त्या चुकीतूनच आलेले आहे. तिचा मुलगा ऐकलेली गोष्ट बारीकसारीक तपशिलांसह सांगत असे, परंतु दुसरीत असताना श्रुतलेखनातील दहा शब्दांपैकी सहा-सात चुकत. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहिण्याची शिक्षा घरातच ठरली, नंतर शिकवणी लागली, डोळे तपासून झाले आणि शेवटी शाळेचे माध्यमही बदलले. परीक्षेच्या दिवशी सकाळी मुलाचे पोट दुखू लागले, तेव्हा ते ढोंग मानले गेले. सातवीत तपासणी होऊन डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया यांचे निदान झाल्यावर जुन्या वह्या पुन्हा पाहिल्या गेल्या आणि त्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली: दहा ओळींपैकी पहिल्या तीन ओळींत शब्द बरोबर होता, चौथीत एक काना गळला होता आणि पुढील सहा ओळींत त्या चुकीचीच नक्कल झाली होती. ज्याला सराव समजले गेले, तो पाच वर्षे चुकीचाच सराव होता, आणि त्यातून मुलाने खात्रीने शिकलेली एकमेव गोष्ट म्हणजे आपण मूर्ख आहोत ही समजूत.

म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी पहिली खूणगाठ अशी बांधावी की, नेहमीच्या सरावाने जे येत नाही, ते त्याच सरावाचे प्रमाण वाढवल्याने येत नाही. तोंडी उत्तर चांगले आणि लेखी उत्तर तुटपुंजे असणे, यमक जुळवताना किंवा शब्दातील पहिला ध्वनी सांगताना अडणे, फळ्यावरचे उतरवताना ओळ सुटणे, पाढे आणि आठवड्याचे वार क्रमाने न आठवणे, या खुणा एकत्र आणि सातत्याने दिसल्या तर बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून तपासणी करून घ्यावी. औपचारिक निदान साधारणतः वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास होते, मात्र मदतीला तोवर थांबण्याचे कारण नाही. या मदतीला उपचारात्मक अध्यापन म्हणतात. त्यात ध्वनी आणि अक्षर यांची जोडी ठरलेल्या क्रमाने, एका वेळी थोडी, आणि डोळा, कान व हात यांचा एकत्र वापर करून, म्हणजे अक्षर वाळूत बोटाने गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने उच्चारून, शिकवली जाते. रोजची वीस मिनिटे रविवारच्या तीन तासांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. या स्थितीवर गोळी नाही आणि ती पूर्णपणे नाहीशीही होत नाही, परंतु योग्य अध्यापनाने वाचन निश्चित सुधारते.

दुसरी खूणगाठ सवलतींविषयी आहे. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांसाठी शासनाने १९९६ मध्येच तरतुदी मान्य केल्या, तर १९९५ च्या केंद्रीय कायद्यात नसलेली ही अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत समाविष्ट झाली. प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक किंवा गणकयंत्र यांसारखी मदत मागता येते. ‘शिक्का बसेल’ या भीतीने पुष्कळ घरांत प्रमाणपत्र घेणे टाळले जाते. प्रस्तुत लेखिकेनेही ते वर्षभर टाळले. परंतु ‘आळशी’ आणि ‘ढ’ हे शिक्के तोपर्यंत बसलेलेच असतात, आणि ते पुसण्याचे काम निदानच करते. चष्मा लावणाऱ्या मुलाला कोणी लबाड म्हणत नाही. वाढीव वेळेचा अर्थही तेवढाच आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निदान मुलाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे, आणि आजवर जे बोलले गेले त्याबद्दल मोठ्यांनी त्याची क्षमा मागावी. त्या घरात वाचन हळूहळू सुधारले. परंतु पोटदुखी थांबली ती त्या क्षमेनंतर. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला सांगण्यापूर्वी तो सुट्या ध्वनींत फोडून एकदा म्हणायला सांगावा. तेही वारंवार जमत नसेल, तर वही मिटावी आणि तपासणीची वेळ ठरवावी.