परिवहन-कर आणि मतदारांचा कौल

प्रश्न : कॅलिफोर्नियातील आमच्या परगण्यात बस-रेल्वेसाठी विक्रीकरवाढीचा प्रस्ताव मतदानास येणार आहे. लोकांची संमती कशी मिळवावी?

उत्तर : लॉस एंजेलिस परगण्यात 2008 साली, ऐन मंदीत, तीस वर्षांकरिता अर्ध्या टक्क्याची वाढ मागणारा ‘मेझर आर’ हा प्रस्ताव दोन-तृतीयांश बहुमताची कठीण अट ओलांडून संमत झाला, याचे मर्म माझ्या मते हेच की, कोणते मार्ग बांधले जाणार आणि वसुलीचा किती हिस्सा थेट नगरपालिकांकडे जाणार, हे मतदारांपुढे आधीच लेखी मांडलेले होते. उलट 2012 मध्ये त्याच कराची मुदत 2069 पर्यंत लांबविण्याचा प्रस्ताव 66 टक्के मते मिळूनही एका टक्क्याहून कमी फरकाने हुकला. तेव्हा अधिकाऱ्यांनी परगण्याच्या निरनिराळ्या भागांकडून त्यांच्या निकडीच्या कामांच्या याद्या मागविल्या, आणि त्यांवर रचलेल्या ‘मेझर एम’ला 2016 मध्ये सुमारे 71 टक्के मतदारांनी कौल दिला. आपणही प्रचारापूर्वी अशाच याद्या गोळा कराव्यात, आणि हिशेबतपासणीसाठी स्वतंत्र समितीची तरतूद मसुद्यातच करावी. मात्र सरकारी खजिन्यातून माहिती देता येते, प्रचार करता येत नाही. त्याचा खर्च नागरिकांच्या वर्गणीतूनच व्हावा.